आपल्या रानाचे लाकूड, आपल्या गावाची शाळा



शाळेत काय शिकवावे याविषयी आपण पुष्कळ बोलतो. पण ज्या छपराखाली ते शिकवायचे, त्या छपराची आठवण बहुधा ते गळू लागले म्हणजेच होते. पत्र्याच्या वर्गखोलीत एप्रिल महिन्यात, भर दुपारी, तिसरीच्या मुलांना भागाकार शिकवून पाहावा. मुलांचे लक्ष फळ्यावर ठरत नाही, ते पाण्याच्या माठाकडे जाते. यात मुलांचा दोष नाही आणि गुरुजींचाही नाही. तीच खोली आषाढात पाहा. इगतपुरी, पेठ, सुरगाणा या भागांत पाऊस कोसळू लागला की पत्र्यावर असा ताशा वाजतो की पहिल्या रांगेतल्या मुलालाही गुरुजींचा शब्द ऐकू येत नाही. मग धडा थांबतो, आणि सर थांबेपर्यंत सगळे नुसते बसून राहतात. बरं, स्लॅब घालावा म्हटले तर सिमेंट, खडी, वाळू, लोखंड सारे घाटरस्त्याने वर न्यायचे; आणि काम कच्चे झाले तर काही वर्षांतच आतल्या सळया गंजतात, फुगतात आणि गिलाव्याचे पापुद्रे मुलांच्या बाकांवर पडू लागतात.

पत्रा आणि स्लॅब यांखेरीज तिसरा काही मार्ग आहे काय? आहे. आपल्या वाडवडिलांना तो चांगला ठाऊक होता, आणि आज जगातले मोठमोठे इंजिनियर नव्या रीतीने त्याच मार्गाकडे वळले आहेत. तो मार्ग म्हणजे लाकडाचा. तेही दूरदेशाहून जहाजाने आलेल्या लाकडाचा नव्हे, तर आपल्याच रानात आणि आपल्याच बांधावर वाढलेल्या लाकडाचा. आज त्याविषयी चार गोष्टी आपल्यापुढे मांडायच्या आहेत.

नाशिकचा गंगापूर रोड आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. अशोक स्तंभापाशी सुरू होणारा हा रस्ता सोमेश्वरावरून गंगापूर धरणाकडे जातो. याच रस्त्यावर आकाशवाणीचे केंद्र आहे. मराठा विद्या प्रसारक समाजासारख्या 1914 सालापासून बहुजनांच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या संस्थेची महाविद्यालयेही याच रस्त्यावर आहेत. या रस्त्याच्या पूर्वेच्या टोकाकडून गोदाकाठी उतरले की जुने नाशिक लागते, पेशवाईतला सरकारवाडा लागतो, सागाच्या खांबांवर आणि तुळयांवर उभे असलेले जुने वाडे लागतात. पश्चिमेला धरण ओलांडून पुढे गेले की त्र्यंबक, हरसूल, पेठ या बाजूंची राने लागतात. म्हणजे एका अंगाला लाकूड वापरण्याची जुनी विद्या, दुसऱ्या अंगाला लाकूड देणारे रान, आणि मधे शाळा-कॉलेजांची ही रांग. पण ती रांग जवळजवळ सगळी सिमेंटची! ही विद्या आणि हे रान शाळेच्या कामी कसे आणता येईल, हाच आजचा प्रश्न.

आधी जुनी विद्या पाहू. वाडा मोजण्याचे आपले माप काय होते? खण. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. 'चार खणांची ओसरी', 'आठ खणांची माडी' असे म्हटले की सुताराला सारे उमजत असे. दगडी जोते, जोत्यावर तळखडा, तळखड्यावर सागाचा खांब, खांबावर तुळई, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर फळ्यांचा पाट. याला कडीपाट म्हणतात. भिंती विटांच्या किंवा मातीच्या असत, पण घराचा भार बव्हंशी या लाकडी सांगाड्यावर असे. त्यातला तळखडा नीट ध्यानात ठेवा. खांब जमिनीत न पुरता दगडावर उभा करायचा, म्हणजे ओल खांबाला चढत नाही. सुरगाण्या-पेठेकडच्या आपल्या आदिवासी बांधवांच्या घरांत मेढी जमिनीत रोवलेल्या असतात आणि कुडाच्या भिंती शेणामातीने लिंपलेल्या असतात. घर हलके, थंड आणि देखणे. पण मेढ जिथे मातीत शिरते तिथेच ती आधी कुजते. हा फरक एका दगडाचा आहे, आणि त्या दगडाने पिढ्यांचे आयुष्य वाढते.

अशा लाकडी इमारतीत शाळा भरल्याही आहेत. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने बांधवला. पेशवाई गेल्यानंतर 1821 साली त्याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. 1848 साली जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली ती भिड्यांच्या वाड्यात. म्हणजे महाराष्ट्रातल्या नव्या शिक्षणाचे पहिले धडे सागाच्या तुळयांखाली गिरवले गेले, असे म्हणायला हरकत नाही.

आता एखादे आजोबा विचारतील, "अहो, तसले साग आता राहिलेत कुठे? दोन माणसांच्या कवेत न मावणारी झाडं आम्ही लहानपणी पाहिली. आता तुळईजोगं लाकूड आणायचं कुठून?" आजोबांचे म्हणणे खरे आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण नव्या रीतीचे मर्म नेमके इथेच आहे. या रीतीत मोठी तुळई मिळवण्यासाठी मोठे झाड पाडावे लागत नाही. लहान झाडांच्या पातळ फळ्या काढतात, त्या सावकाश वाळवतात, गाठी व भेगा असलेला भाग कापून टाकतात, आणि उरलेल्या चांगल्या फळ्या एकीवर एक ठेवून, डिंकाने सांधून, मोठ्या दाबाखाली एकजीव करतात. अशी थरांची तुळई बनवण्याचे पेटंट जर्मनीतल्या ओटो हेट्झर नावाच्या सुताराने 1906 साली घेतले. पुढे 1990 नंतर ऑस्ट्रिया आणि जर्मनीत फळ्यांचे थर एकमेकांना आडवे-उभे लावून भिंतीएवढ्या जाड लाद्या बनू लागल्या. घोंगडीत जसा ताणा आणि बाणा असतो, तसेच हे. उभ्या थराला आडवा थर धरून ठेवतो, त्यामुळे लाकूड वाकत-फिरत नाही. अशा लाकडाने 2019 साली नॉर्वेत 18 मजल्यांची, तर 2022 साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात 25 मजल्यांची इमारत उभी राहिली. आपल्याला पंचवीस मजले नकोत. आपल्याला दोन वर्गखोल्या आणि एक पडवी पुरे.

गुरुजनहो, थोडा हिशेब करू. हा सातवीच्या वर्गातही करून घेण्याजोगा आहे. सहा मीटर रुंदीच्या वर्गखोलीवर हलके छप्पर घालायचे आहे असे समजा. तुळई 15 सेंटीमीटर रुंद, 42 सेंटीमीटर उंच आणि साडेसहा मीटर लांब धरू. तीन सेंटीमीटर जाडीच्या 14 फळ्या एकावर एक ठेवल्या की ही उंची होते. या तुळईचे घनफळ सुमारे 0.41 घनमीटर. वाळलेल्या सागाचा घनमीटर साधारण 600 किलो वजनाचा धरला, तर तुळई भरली 246 किलो. त्याच आकाराची काँक्रीटची तुळई भरेल सुमारे 984 किलो, म्हणजे चौपट. लाकडाची तुळई आठ-दहा गडी उचलतील आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पाड्यावर नेता येईल. वर भार हलका म्हणून खालचा पायाही हलका. अर्थात हे माप हिशेबापुरते आहे. प्रत्यक्ष माप छपराचा भार, वारा आणि लाकडाची जात पाहून इंजिनियरनेच ठरवायचे असते. त्यासाठी भारतीय मानकांत स्वतंत्र नियम आहेत, आणि 2016 च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतही लाकूड व बांबू यांच्यासाठी स्वतंत्र भाग आहे.

दुसरा हिशेब हवेचा. झाड वाढताना हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेते आणि त्यातला कार्बन आपल्या अंगात साठवते. सुक्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. वरच्या तीन तुळयांचे लाकूड सुमारे 738 किलो. त्यात कार्बन 369 किलो. आणि एवढा कार्बन ज्या वायूतून आला तो वायू भरतो सव्वा टनाहून अधिक. सिमेंट आणि पोलाद यांचे उलट आहे, ते भट्टीत बनताना हाच वायू हवेत सोडतात. मात्र या हिशेबाला दोन अटी आहेत. तुळई कुजली किंवा जळली की साठवलेला कार्बन पुन्हा हवेत जातो. आणि तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे झाड वाढले नाही, तर हा सारा हिशेब खोटा ठरतो.

तिसरा लाभ मुलांना प्रत्यक्ष जाणवणारा आहे. लाकडातून उष्णता फार सावकाश आत येते. काँक्रीटच्या मानाने साधारण दहावा हिस्सा धरा. पत्र्याखाली जाड फळ्यांचा पाट घातला आणि दोहोंमध्ये हवा खेळायला वीतभर जागा ठेवली, तर दुपारचा ताव बराच कमी होतो. पावसाचा ताशाही दबतो. गुरुजींचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. शाळेच्या इमारतीकडून याहून मोठी अपेक्षा ती काय असावी?

भूकंपाचाही विचार हवा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावे उद्ध्वस्त झाली, हजारो माणसे गेली. तिथल्या पुष्कळ घरांत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती होत्या आणि माळवदावर मातीचा जाड थर होता. भिंती फुटल्या आणि वरचे ओझे माणसांवर आले. ज्या घरांत माळवदाचा भार स्वतंत्र लाकडी खांबांवर होता, त्यांतल्या काही घरांच्या भिंती पडूनही सांगाडा उभा राहिल्याचे पाहणी करणाऱ्यांना आढळले. यातून शिकायचे ते एवढेच, की छप्पर हलके असावे, आणि खांब, तुळई व भिंत एकमेकांना घट्ट बांधलेली असावीत. लाकूड आहे म्हणून इमारत आपोआप सुरक्षित होत नाही.

आता लाकडाचे तीन शत्रू. त्यांची नावे सगळ्यांना ठाऊक आहेत: पाणी, वाळवी आणि आग.

पहिला शत्रू पाणी, आणि तोच सर्वांत मोठा. नाशिकच्या गोदाकाठी पावसाळ्यात जुना वाडा कोसळल्याची बातमी येते, तेव्हा लोक म्हणतात, लाकूड म्हातारं झालं. पण लाकूड नुसते वयाने मरत नाही. कौल फुटते, ते कोणी बदलत नाही. पन्हळ तुंबते, ती कोणी साफ करत नाही. पाणी भिंतीत मुरते, आणि भिंतीत टेकलेले तुळईचे टोक आतून कुजते. वरून तुळई धडधाकट दिसते, आणि एके दिवशी टोकच तुटते. तेव्हा लाकडाच्या शाळेला चार गोष्टी हव्यातच: भिंतीपासून चांगले हातभर बाहेर आलेले छप्पर, जमिनीपासून उंच जोते, खांबाखाली तळखडा, आणि तुळईच्या टोकाभोवती हवा खेळायला जागा. तसेच लाकूड वाळलेले हवे. ते वाळले की नाही हे शाळेतच तपासता येते. एक तुकडा आज तोला, मग मंद आचेवर तो दोन तोलांत फरक पडेनासा होईपर्यंत सुकवा आणि पुन्हा तोला. आधी 560 ग्रॅम आणि नंतर 500 ग्रॅम भरला, तर 60 ग्रॅम पाणी गेले, म्हणजे सुक्या वजनाच्या 12 टक्के. आपल्याकडे आतल्या कामासाठी इतपत ओलावा ठीक. पंचवीस-तीस टक्के निघाला तर ठेकेदाराला म्हणावे, "दादा, हे लाकूड अजून हिरवं आहे, ते लावू नका."

दुसरा शत्रू वाळवी. सागाच्या आतल्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला मात्र लवकर लागते. लहान झाडांत पांढरे लाकूड जास्त असते, म्हणून नव्या रीतीत औषध लावणे भागच आहे. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड यांच्या पाण्यात लाकूड किंवा बांबू भिजवण्याची पद्धत चांगली आहे. पण हे औषध पावसात धुऊन जाते, म्हणून ते छपराखालच्या लाकडालाच द्यावे. सोमल असलेली औषधे पूर्वी सर्रास वापरत. जिथे मुलांचे हात लागतात तिथे ती नकोतच.

तिसरा शत्रू आग, आणि इथे कुणाचीही समजूत घालून चालायचे नाही. शनिवारवाडा 1828 साली जळाला. 1879 साली पुण्यात बुधवारवाडा जळून गेला आणि विश्रामबागवाड्यालाही आगीची झळ लागली. त्याहून जवळची आणि काळीज हलवणारी घटना तामिळनाडूतली. 16 जुलै 2004 रोजी कुंभकोणमच्या शाळेत आग लागली. छप्पर गवता-झापांचे, जिना अरुंद. 94 मुले त्यात गेली. पुढे 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सगळ्या शाळांच्या अग्निसुरक्षेविषयी निर्देश दिले.

तेव्हा गवत आणि जाड तुळई यांतला फरक नीट समजून घ्या. चूल पेटवताना आपण काटक्या आधी लावतो, ओंडका लावत नाही. का? ओंडका लवकर पेटत नाही म्हणून. जाड लाकूड पेटले तरी बाहेरून कोळसा होतो आणि तोच कोळसा आतल्या लाकडाचे काही काळ रक्षण करतो. सागासारखे भरीव लाकूड मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर जळते. अर्ध्या तासात दीड सेंटीमीटर. म्हणून इंजिनियर हिशेबापेक्षा तुळई मुद्दाम जाड ठेवतात, म्हणजे तेवढे जळूनही ती उभी राहते. उघडे लोखंड मात्र साडेपाचशे-सहाशे अंश उष्णतेला आपली निम्मी ताकद गमावते आणि वाकते. हा गुण जाड लाकडाचा. पातळ फळ्या, चटया, गवत यांचा नव्हे. आणि कितीही जाड तुळई असली तरी प्रत्येक वर्गाला बाहेर उघडणारी दोन दारे हवीत, पोषण आहाराचे स्वयंपाकघर वेगळे हवे, विजेच्या तारा नळीतून नेलेल्या हव्यात, आणि वर्षातून दोनदा मुलांना घंटा देऊन बाहेर पडण्याचा सराव द्यायला हवा. हे जिथे होणार नसेल, तिथे लाकडाची शाळा बांधू नये, हे मी स्पष्टच सांगतो.

आता लाकूड आणायचे कुठून? याच गंगापूर रोडवर, रस्ता रुंद झाला तेव्हा जुनी झाडे रस्त्याच्या मधोमध आली आणि ती राखावीत की काढावीत यावर नाशिककरांत बराच वाद झाला. ज्या लोकांना एकेका झाडाची अशी काळजी आहे, त्यांना शाळेसाठी रान तोडा असे कोण सांगेल? आणि तसे कायद्यातही बसत नाही. सागासारखे झाड स्वतःच्या शेतातले असले तरी 1964 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीवाचून तोडता येत नाही. हे नियम जाचक वाटले तरी त्यांच्यामुळेच रान शिल्लक आहे.

मग लाकूड मिळण्याच्या वाटा चार. पहिली, सरकारी आगारातून लिलावाने मिळणारे लाकूड. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाचा लौकिक मोठा. 2023 साली अयोध्येच्या राममंदिराच्या कामासाठी साग गेला तो बल्लारपूरहूनच. अशा लागवडीत झाडांना जागा मिळावी म्हणून मधली लहान झाडे काढावी लागतात. त्यांना तुळईइतकी जाडी नसते, म्हणून मोल कमी येते. थरांच्या तुळईला मात्र तीच उपयोगी पडतात. दुसरी वाट बांधावरच्या झाडांची: निलगिरी, सुबाभूळ, बाभूळ, मलबार निंब. प्रत्येकाचा गुण निराळा. मलबार निंब आठ-दहा वर्षांत कापण्याजोगा होतो, पण हे हलके लाकूड आतल्या कामालाच बरे.

तिसरी वाट बांबूची, आणि आपल्या डोंगरी भागाला ती सर्वांत जवळची. बांबूची काठी तीन-चार वर्षांत पक्व होते, आणि बेट पुन्हा वाढतच राहते. 2017 साली कायद्यात बदल झाला आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतकऱ्याला आपला बांबू तोडणे-विकणे सोपे झाले. रानातल्या बांबूचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाचे. त्या गावाला 2009 साली वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 साली ग्रामसभेने स्वतःच्या अधिकारात बांबू विकला. बांबू हा गौण वनोपज आहे, साग नाही, हा फरक विसरू नका. याच वनहक्क कायद्यात शाळेसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपर्यंत वनजमीन मिळण्याचीही तरतूद आहे.

चौथी वाट सगळ्यांत स्वस्त, आणि तिच्याकडेच आपले लक्ष सर्वांत कमी. गावातली जुनी शाळा धोकादायक ठरते, तिचे निर्लेखन होते, आणि मोडतोडीचा लिलाव होतो. त्यात आजा-पणजांच्या काळच्या सागाच्या तुळया, कैच्या, वासे असतात. आणि ते लाकूड पुष्कळदा जळणाच्या भावात जाते! पन्नास-साठ वर्षे मुरलेले, पुरते वाळलेले, फिरायचे तेवढे फिरून झालेले असे लाकूड आज नव्याने घ्यायला गेले तर परवडणार नाही. लिलावाआधी सुताराला बोलावून एकेक तुळई ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर ती चांगली, बद्द आवाज आला तर आतून गेलेली. चांगल्यांवर खडूने खूण करा, वहीत मापे लिहा, आणि नव्या इमारतीत ती वापरण्याची मागणी ठरावाने जिल्हा परिषदेकडे करा.

एक अडचण झाकून ठेवू नये. थरांची एकजीव तुळई गावच्या सुताराच्या पडवीत होत नाही. तिला वाळवणीची भट्टी, तपासलेला डिंक आणि दाबयंत्र लागते. असे कारखाने आपल्या देशात अजून थोडे आहेत. मागणीच नव्हती, म्हणून कारखाने निघाले नाहीत. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने 1993 साली आपल्या इमारतींत लाकूड वापरण्यावर बंदी घातली होती, ती 2020 साली उठवली. आता शाळांनी मागणी केली तर कारखानेही निघतील. तोवर कड्यांवर जाड फळ्या ठोकून केलेला पाट, बोल्टने जोडलेल्या फळ्यांच्या तुळया, सागाच्या चौकटी हे सारे आपला सुतार इंजिनियरच्या नकाशाबरहुकूम करू शकतो. सुरुवात सगळ्या इमारतीने करू नका. पडवीने करा, किंवा एका खोलीच्या छपराने करा. ते तीन पावसाळे कसे टिकते ते पाहा, आणि मग पुढचे पाऊल टाका.

जपानचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशाने उजाड डोंगरांवर सुगी नावाच्या झाडांची प्रचंड लागवड केली. लावणाऱ्या पिढीला त्याचे लाकूड मिळाले नाही. ती झाडे मोठी झाली, आणि 2010 साली जपानने सार्वजनिक इमारतींत लाकडाच्या वापराला उत्तेजन देणारा कायदा केला. आज तिथल्या कित्येक गावांच्या शाळा त्याच भागात वाढलेल्या लाकडाच्या आहेत. पी हळद आणि हो गोरी असा हा मामला नाही. लाकडाच्या शाळेची पहिली कुदळ इमारतीच्या पायात पडत नाही, ती रोपवाटिकेत पडते.

म्हणून, सरपंच, शाळा व्यवस्थापन समितीची मंडळी आणि गुरुजी-बाई हो, यंदाच्या वर्षी करता येतील अशी तीनच कामे सांगतो. पहिले, शाळेतल्या आजच्या लाकडाची मोजणी. दारे, खिडक्या, वासे, तुळया यांची नोंदवही करा आणि दर वर्षी मृगाच्या आधी कौले, पन्हळी व तुळयांची टोके तपासल्याची सही त्यात घ्या. दुसरे, शाळेच्या कुंपणाला आणि गावच्या पडीक जागेवर बांबूची बेटे व इमारती लाकडाची झाडे लावा, आणि प्रत्येक झाड एका वर्गाच्या नावे करा. तिसरे, मुलांना झाड मोजायला शिकवा. वखारीतली रीत सोपी आहे: ओंडक्याचा घेर घ्या, त्याला चाराने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा आणि लांबीने गुणा. घेर 1.2 मीटर आणि लांबी 3 मीटर असेल तर 0.3 गुणिले 0.3 गुणिले 3, म्हणजे 0.27 घनमीटर. गोलाचे खरे घनफळ याहून थोडे जास्त निघते. तो फरक साल आणि घडणीतली तूट यांसाठी सोडलेला असतो. ज्या मुलाला हा हिशेब येतो, त्याच्या बापाला लाकडाचा व्यापारी सहजासहजी फसवू शकणार नाही. हाही काही लहान फायदा नव्हे.

काँक्रीटला आणि पत्र्याला नावे ठेवण्यासाठी हे सांगितलेले नाही. पाया, जोते, न्हाणीघर, पाण्याची टाकी यांना दगड-सिमेंटच बरे. पण डोक्यावरचे छप्पर, पडवी, दारे-खिडक्या, बसायचे बाक यांसाठी आपल्या मातीत वाढणारी वस्तू असताना तिचा विचारच न करणे हे काही शहाणपण नव्हे. वाळलेले घ्या, जाड घ्या, कोरडे ठेवा, आणि जितके घ्याल त्याहून जास्त लावा. एवढे पाळणाऱ्या गावाने पुढल्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत शाळेच्या छपराचा विषय अवश्य घालावा.